लेंकराचे रिकामे हात



आषाढ लागला म्हणजे मावळांत भातलावणीची घाई उडते. सोमाटण्याच्या आसपास आतां रस्त्याच्या कडेनें घरें फार वाढलीं आहेत. तथापि जेथें खाचरें उरलीं आहेत तेथें अजूनही बाया चिखलांत ओणव्या राहून रोपें लावितात. बांधावर एखादें लहान मूल बसविलेलें असतें. पूर्वीं त्याच्यावर इरलें असे, आतां प्लास्टिकचा कागद असतो. त्या मुलानें दिवसभरांत एक काडीही लाविलेली नसते. तरी भूक लागतांच तें आईस हाक मारितें, आणि आई हात धुऊन बांधावर येते व त्यास जवळ घेते. आपण आज काय काम केलें, आपला या भाकरीवर हक्क आहे कीं नाहीं, हा विचार त्याच्या मनास शिवतही नाहीं. ही आपली आई आहे, एवढेंच त्यास ठाऊक असतें.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत शिष्य प्रभूस विचारितात कीं, स्वर्गाच्या राज्यांत मोठा कोण? प्रभूनें त्यांच्यांतील कोणाकडेही बोट दाखविलें नाहीं. त्यानें एका लहान मुलास बोलावून मध्यें उभें केलें. येथें आपली एक चूक होऊं नये. मुलें निष्पाप असतात म्हणून त्यांचा कित्ता घ्या, असें प्रभु म्हणत नाहीं. मुलें भांडतात, रुसतात, हट्ट करितात, हें प्रत्येक आईबापास ठाऊक आहे. परंतु मुलापाशीं दाखविण्यासारखें कांहीं नसतें. मान नाहीं, धन नाहीं, विद्या नाहीं. त्याला केवळ घेतां येतें.

मार्काचा दहावा अध्याय काढून पाहा. तेथें आधीं मुलें प्रभूकडे येतात व आशीर्वाद पावतात. लागलाच एक श्रीमंत मनुष्य धांवत येतो, गुडघे टेकतो, आणि खिन्न होऊन परत जातो. मुलांचे हात रिकामे होते, म्हणून ते भरले. त्या मनुष्याचे हात धनानें व आज्ञापालनाच्या अभिमानानें आधींच भरलेले होते. त्यांत आणखी कांहीं मावेना.

हें केवळ धनवानांस लागू आहे असें कोणी समजूं नये. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, मावळाच्या उलट अंगास, केडगांव येथें पंडिता रमाबाई यांनीं आपलें मुक्तिसदन वसविलें. त्यांचा जन्म १८५८ सालचा. लहानपणापासून त्यांस संस्कृताचें शिक्षण मिळालें, आणि १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इतकी विद्या, इतका मान, आणि वर बाप्तिस्मा! तरी पुढें आपली साक्ष लिहितांना त्यांनीं कबूल केलें आहे कीं, त्या वेळीं आपण ख्रिस्ती धर्मापर्यंत पोहोंचलों होतों, परंतु स्वतः ख्रिस्तापर्यंत पोहोंचलों नव्हतों. त्यानंतर सुमारें आठ वर्षें गेलीं. मग विद्या व सत्कर्में बाजूस ठेवून, केवळ एक पापी म्हणून त्या प्रभूच्या पायांशीं आल्या, तेव्हां त्यांस शांति लाभली.

पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें मुली व विधवा आपल्या आश्रयास आणिल्या. उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. संस्कृतांत पारंगत असतांही त्यांनीं तें जड भाषेंत केलें नाहीं. खेड्यांतील, थोडें शिकलेल्या बायकांस समजावें अशा साध्या मराठींत केलें. ज्यांस विद्वानांनीं सरस्वती म्हटलें, त्यांनीं बांधावरच्या बाईसाठीं शब्द सोपे केले. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचा अंत झाला, त्यापूर्वीं भाषांतर पुरें झालें होतें.

यावरून बालकाचा विश्वास म्हणजे काय, हें आपणांस कळून येईल. दुःख येणारच नाहीं अशी खात्री बाळगणें म्हणजे विश्वास नव्हे. बांधावरचें मूल भिजतें, रडतें, आई दूरच्या खाचरांत गेली म्हणजे घाबरतें. तरी तें हाक आईलाच मारितें.

आतां आपल्या मंडळ्यांकडे वळूं. अमक्याचे आजोबा गांवांतील पहिले ख्रिस्ती, म्हणून त्यांचें घर मोठें. तमक्याचा बाप्तिस्मा कालचा, म्हणून तो मागें बसावा, असें आपल्यांत होत नाहीं काय? जात टाकली असें आपण म्हणतों, परंतु लग्न जुळवितांना ती मागल्या दारानें आंत येऊन बसते. हे सर्व भरलेले हात होत.

आम्ही उपदेश करणारेही यांतून सुटलों नाहीं. एकदां उपासना संपल्यावर एक म्हातारी आमच्याजवळ आली व म्हणाली, “मास्तर, बोललात लई चांगलं. पण देव माझं ऐकतो का, एवढंच सांगा.” तिला ‘होय, आजी’ एवढे दोन शब्द पुरे होते. तें सोडून आम्ही पुन्हां वचनांवर वचनें काढूं लागलों. ती मान हालवीत निघून गेली. त्या दिवशीं मूल होऊन ती आली होती, आणि आम्ही मात्र पंडित होऊन बसलों होतों. तिची पाठमोरी आकृति आम्हांस अजून आठवते.

म्हणून या आठवड्यांत, प्रियजनहो, दोनच गोष्टी करा. ज्याच्याशीं अबोला असेल त्याच्या घरीं आपण होऊन जा, आणि तो आपल्याहून लहान किंवा नवा असला तरी, ‘माझें चुकलें’ असें त्यास म्हणा. आणि रात्रीं निजण्यापूर्वीं ठेवणीतले शब्द बाजूस ठेवून, चुलीपाशीं आपण बोलतों त्या बोलींत देवाशीं बोला. कर्ज असेल, आजारीपण असेल, पाऊस लांबला असेल, तर तसेंच सांगा. आपली योग्यता काय, हें त्याच्यापुढें मांडूं नका. तो बाप आहे. आपल्या लेंकराची हाक त्याला ओळखतां येते.