उन्हाळ्यातली जवळीक

सुप्याचा माळ आणि चिपळूणचं रान यांच्यातलं अंतर पक्ष्याच्या वाटेनं मोजलं तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरेल. मधे सह्याद्रीची धार. चैत्र सरून वैशाख लागला की दोन्हीकडे सूर्य डोक्यावर येतो, पण तो एकच सूर्य आहे यावर विश्वास बसू नये इतका दोन्हीकडचा उजेड वेगळा असतो. माळावर क्षितिजापर्यंत सगळं दिसतं आणि जवळ कशाच्याच जाता येत नाही. माणूस उभा राहिला की अर्ध्या कोसावरच्या चिंकारानं मान वर केलीच म्हणून समजावं. कोकणच्या रानात पक्षी वीस फुटांवर बोलत असतो आणि डोळ्यांना दिसतात फक्त पानं. कॅमेरा घेऊन या दोन्ही मुलखांत हिंडताना हात दोन वेगळ्या विद्या शिकतात. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे आणि गेली काही वर्षं ती माझ्या मनातून जात नाही. या दिवसांत पक्षी आपल्याला जितका जवळ येऊ देतो तितका एरवी कधीच देत नाही. आणि तो येऊ देतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो.

थंडीत पक्षी मोकळा असतो. पाणी जागोजाग, दाणा भरपूर. एका झुडपावर अडचण वाटली तर तो दुसऱ्यावर जातो. उन्हाळा लागला की माळावर डबकी आटतात आणि चार गावांचे पक्षी एका पाणवठ्यावर येऊ लागतात. कुणाची अंडी उघड्या जमिनीवर असतात, कुणाची मादी झाडाच्या ढोलीत कोंडलेली असते. पक्षी जागेला बांधला जातो. आपण तिथे आधीच जाऊन बसलेले असतो आणि घरी येऊन सांगतो, आज फार जवळून फोटो मिळाला.

पक्षी-छायाचित्रणाची सुरुवातच या बांधलेपणापासून झाली. १८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी गाणाऱ्या कस्तुराच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो घेतला आणि १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरचं, छायाचित्रांनी सजलेलं पुस्तक काढलं. तेव्हाच्या काचा मंद, भिंगं आखूड. पक्षी कुठे येऊन बसणार हे आधीच ठाऊक असेल तरच चित्र मिळणार, आणि तशी खात्रीची जागा घरट्याखेरीज कोणती? पुढे या भावांनी लपण म्हणून पेंढा भरलेला बैल वापरला. त्याच्या पोटात उभं राहून चेरी फोटो घेई. छायाचित्रकार एरिक हॉस्किंगला १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमवावा लागला, तरी त्यानं हे काम सोडलं नाही. आपल्याकडे या विद्येशी जोडलेलं एक नाव म्हणजे लोके वान थो. सिंगापूरचा हा सिनेमा-उद्योजक महायुद्धात मुंबईला आश्रयाला आला, तिथे पक्षितज्ज्ञ सालिम अलींशी त्याचा स्नेह जुळला आणि पुढे त्यांच्यासोबत हिंडून त्यानं काढलेली चित्रं १९५७ च्या त्याच्या पुस्तकात आली. या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या हातात जे साधन होतं त्याला घरट्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि सेकंदाला वीस चित्रं घेणारा कॅमेरा बाळगणाऱ्यांना ती सबब उरलेली नाही.

माळावरची पीतमुखी टिटवी घ्या. डोक्यावर काळी टोपी, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी, पिवळे लांब पाय. तिचं घरटं म्हणजे जमिनीतली जेमतेम खळगी, कडेला चार खडे. अंडी चार, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची; नजर त्यांच्यावरून सहज घसरते. या दिवसांत दुपारी ती अंड्यांवर बसत नाही, उभी राहते. पाय किंचित फाकलेले, पिसं फुगवलेली, चोच उघडी, गळा सारखा थरथरतोय. ती ऊब देत नसते, सावली देत असते. मधेच जोडीदार येतो आणि ती पाण्याकडे जाते. येते तेव्हा पोटाची पिसं ओली असतात आणि त्या ओलीनं अंडी निववली जातात. कोंबडीचं अंडं उबवायला साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता लागते. वैशाखातल्या दुपारी उघडी माती पन्नासच्या वर जाते. पंचतंत्रातल्या टिटवीनं अंडी नेणाऱ्या समुद्राशी भांडण मांडलं होतं. सुप्याच्या टिटवीचं भांडण उन्हाशी आहे आणि ते रोज, दुपारभर चालतं. अशा वेळी कुणी आणखी दहा पावलं पुढं सरकून तिला उठवलं तर ती ओरडत घिरट्या घालते, पडल्याचं, पांगळी झाल्याचं सोंग करते. कॅमेऱ्याला ही दृश्यं फार नाट्यमय दिसतात. तेवढ्यात अंड्यांवरची सावली गेलेली असते.

पखुर्डीची गोष्ट याहून नवलाची. सकाळी ऊन जरा वर आलं की पखुर्ड्यांचे थवे पाणवठ्यावर उतरतात, काही क्षणांत पाणी पिऊन निघून जातात. पण पिलं असलेला नर लगेच जात नाही. तो पाण्यात पोटापर्यंत शिरतो, अंग डावी-उजवीकडे हलवतो, पोटाच्या पिसांत पाणी मुरवतो आणि ते घेऊन मैलोन्‌मैल उडतो. पिलं त्याच्या पोटाला चोची लावून पाणी पितात. १८९६ मध्ये मीड-वॉल्डो नावाच्या इंग्रजानं पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांत हे पाहून लिहिलं, तेव्हा जाणकारांनी ते खरं मानलं नाही. केड आणि मॅक्लीन यांनी १९६७ मध्ये कलहारीतल्या पखुर्ड्यांचा अभ्यास छापला तेव्हा शंका फिटली. नराच्या पोटाची पिसं एरवी वेटोळं घालून असतात, भिजली की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. आता पाणवठ्यावरच्या त्या थोड्या क्षणांत कुणी उठून उभं राहिलं, की थवा उठला. पाणी न प्यालेला पक्षी कदाचित पुन्हा येईल. न भिजलेला बाप मात्र तहानलेल्या पिलांपाशी कोरडा परततो.

माळावर काम करायचं तर नऊ-साडेनऊच्या आत. त्यानंतर जमिनीवरून झळा उठू लागतात, हवा थरथरते आणि लाखभराची लेन्सही मऊ, पिसं पुसलेली चित्रं देते. पोटावर पालथं पडून, कोपरं खड्यांत रुतवून चंडोलाच्या डोळ्याच्या उंचीला आलं की कळतं, या पक्ष्यांचे रंग किती बारीक विचारानं झालेत. धाविक, चंडोल, टिटवी, पखुर्डी: सगळी मातीची भावंडं. दुर्दैवानं या रंगांना छायाचित्रांच्या बाजारात भाव नाही. निळं-जांभळं पीस लागतं, पाठीमागे हिरवं लागतं. आणि ज्याचे फोटो निघत नाहीत त्याची कणव येत नाही. माळ सरकारी नोंदीत पडीक, तिथे ग्लिरिसिडियासारखी झाडं लावून तो हिरवा करायचा, हा विचार आपल्या डोळ्यांना झालेल्या हिरव्याच्या सवयीतूनच आलेला आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. तेवढ्या तुकड्यात चिंकारा आणि हे सगळे पक्षी तगून आहेत, आणि त्याच्या कुंपणापलीकडचा तसाच माळ आपल्या लेखी मोकळी जागा आहे.

घाट उतरला की हवाच अंगाला चिकटते. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. ती आपोआप जाईपर्यंत थांबायचं, पुसायचं नाही. आंबे उतरायला आलेले, फणसाचा वास रानभर, आणि झाडीत उजेड असा की शटर साठांशाखाली गेल्याशिवाय चित्रच उमटत नाही. वर बघावं तर आभाळ पांढरंफटक, त्यावर पक्षी नुसता काळा कापलेला. पानांतून गाळून आलेला प्रकाश पांढऱ्या पिसांनाही हिरवट करून टाकतो. इथे आधी ऐकायचं, मग बघायचं.

या दिवसांत मलबारी कवड्या धनेशाची मादी ढोलीत असते. विष्ठा आणि फळांचा चोथा यांनी तिनं दार लिंपून घेतलेलं असतं. उरते ती चोच जाईल एवढी फट. आत तिची उड्डाणाची पिसं गळून गेलेली असतात. बाहेर नर. मी एकदा बऱ्याच लांबून, दुसऱ्या उतारावरून, बेहड्याच्या झाडावरचं हे येणं-जाणं पाहिलं. नर थेट ढोलीवर आला नाही. आधी पलीकडच्या आंब्यावर बसला, मान वाकडी करून खाली सगळीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग फटीपाशी येऊन गळ्यातून एक एक फळ वर काढत राहिला: उंबर, पुन्हा उंबर, मग नारिंगी काजऱ्याचा तुकडा. आतून चोचीचं टोक तेवढं बाहेर यायचं. काजऱ्याच्या बीत जालीम विष असतं आणि धनेश त्याचा गर खातो, हे त्या रानातल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. त्या झाडाखाली पाच-सहा माणसं तिपाया मांडून बसली असती तर नर आंब्यावरूनच परतला असता, गळा भरलेला ठेवून. आत दोन-तीन जीव, बाहेर निघता न येणारे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतांश जंगल खासगी मालकीचं आहे, तिथे ढोली असलेली जुनी झाडं कोळशाला आणि भट्टीला जातात. उरली ती बरीचशी देवराईंत, देवाच्या धाकानं. अशा ढोलीचा पत्ता ही गावाची ठेव आहे. फोटोसोबत ती वाटायची वस्तू नाही.

मेअखेरीस दक्षिणेतून नवरंग येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ झाडोऱ्यातून येते. तो सहसा दिसत नाही, म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला उघड्यावर आणतात. नुकताच प्रवास करून आलेला पक्षी, त्यानं नुकती धरलेली हद्द, आणि न दिसणारा वैरी सारखा ओरडतोय. फासेपारधी पाळलेल्या तितराला बोलकं करून रानातला तितर फाशात आणत. पाणवठ्यावर लपण, पक्ष्याच्या वाटांची बारीक माहिती, साद घालणं ही सगळी विद्या मुळात त्यांची. आपण ती जशीच्या तशी उचलली. त्यांच्या घरी त्यावर चूल पेटत होती. त्यांना आपण गुन्हेगार ठरवलं आणि स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घेतलं, हे मला नीट गिळता येत नाही. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: शिकारीच्या व्याख्येत त्यानं वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही धरलेलं आहे. हातात बंदूक आहे की कॅमेरा, हे त्या कलमात विचारलेलंच नाही.

पण उन्हाळ्यात पक्षी अगतिक होऊनच जवळ येतो असंही नाही. सुप्याला डोंबारी चंडोलाचा नर उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमीन लागायच्या आत पुन्हा वर. त्याला स्वतःला दाखवायचंच आहे. मादीसाठी मांडलेल्या त्या खेळात आपण बाजूला बसलो तर त्याचं काही बिघडत नाही. कोकणात फळाला आलेला वड शोधावा. तिथे धनेश येतो तो स्वतःच्या पोटासाठी. हरियल, तांबट, बुलबुल सगळेच असतात, आणि आपला संशय आलाच तर पुढच्या उंबरावर जायला तो मोकळा असतो. अशा ठिकाणी मिळालेली चित्रं थोडी लांबची असतात, कधी फांदी आडवी येते. मला ती आता जास्त बघावीशी वाटतात, कारण पक्ष्याला निघून जाता येत असतानाही तो तिथे थांबलेला असतो.

घरट्याजवळ आपसूक गाठ पडलीच तर मी फोटोखाली तालुका लिहितो, गाव लिहीत नाही, आणि चित्रातली जागेची नोंद पुसून मगच ते कुणाला पाठवतो. ढोलीचा पत्ता विचारणारे बरेच असतात. पाऊस पडून पिलं उडून गेल्यावर सांगेन, असं मी त्यांना सांगतो.