तलफ आणि तितिक्षा

धूम्रपान सोडणाऱ्याला पहिल्या काही दिवसांत जो त्रास होतो त्याला काही नैतिक मोल आहे, की तो केवळ शरीरधर्म आहे, हा प्रश्न वैद्यकापेक्षा तत्त्वज्ञानाचा अधिक आहे. निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे 2 तासांत निम्म्यावर येते, आणि मेंदूतील ज्या ग्राहकांची, म्हणजे निकोटिन जेथे जाऊन चिकटते त्या स्थानांची, संख्या दीर्घ सवयीने वाढलेली असते, ती रिकामी पडू लागल्याने चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, वाढलेली भूक अशी लक्षणे पहिल्याच दिवशी डोके वर काढतात. पहिल्या आठवड्यात ती शिगेला पोहोचतात आणि साधारणतः 2 ते 4 आठवड्यांत ओसरतात.

इंद्रिये आणि विषय यांच्या संपर्कातून उपजणारी सुखदुःखे येतात तशी जातात, म्हणून ती सोसावीत, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. या सोसण्यालाच वेदान्तात तितिक्षा म्हणतात, आणि ‘विवेकचूडामणी’ तिची व्याख्या करताना प्रतिकार, चिंता आणि विलाप या तिन्हींचा अभाव अपेक्षितो. यातील प्रतिकाराचा निषेध शब्दशः घेतला, तर निकोटिनचे च्युइंगम किंवा त्वचेवर लावायची पट्टी वापरणे ही हार ठरते. ‘औषध घेऊन सोडली तर काय सोडली’ असे म्हणणाऱ्याने हा ग्रंथ उघडलेला नसला, तरी त्याची समजूत हीच असते. परंतु शरीराला क्लेश देणाऱ्या तपाला गीतेचाच सतरावा अध्याय तामस ठरवतो, तेव्हा यातना हेच पुण्य मानण्यास आधार उरत नाही. व्याख्येतील खरे उपयोगी पद चिंता हे आहे, कारण एकेक तलफ बहुधा काही मिनिटांतच उतरते, मात्र ‘असे जन्मभर कसे काढायचे’ या विचाराने त्या मिनिटांवर साऱ्या आयुष्याचे ओझे येऊन पडते.

याहून अवघड भाग महिनाभरानंतरचा आहे. विषय सुटले तरी त्यांचा रस, म्हणजे आतली गोडी, मागे राहते, हे त्याच दुसऱ्या अध्यायातील निरीक्षण उलगडताना ज्ञानेश्वरांनी 1290 साली झाडाची पाने खुडणारा पण मुळाला पाणी देत राहणारा माणूस दाखवला आहे. रक्तात निकोटिनचा मागमूस नसतानाही टपरीवरचा चहा हातात येताच बोटे खिशाकडे वळतात, ती या रसामुळे. बौद्ध विचार येथे अधिक व्यवहार्य वाटतो. तो वेदना, म्हणजे अंगावर जाणवणारी संवेदना, आणि तृष्णा यांच्यामधल्या सांध्यावर बोट ठेवतो, आणि इगतपुरीच्या धम्मगिरीत 10 दिवसांच्या विपश्यना शिबिरात, जेथे तंबाखू वर्ज्य असते, साधकाला संवेदना उठताना व विरताना केवळ पाहण्यास शिकवले जाते.

गीतेच्या मते हा रस परतत्त्वाच्या दर्शनानेच निवृत्त होतो. ही कसोटी लावली, तर ज्याने 10 वर्षांत सिगारेटला हात लावलेला नाही, पण शेजारच्याच्या धुराचा वास ज्याला अजूनही गोड लागतो, तो केवळ निराहार, म्हणजे विषयांपासून नुसता दूर राहिलेला, आहे. दवाखाना मात्र त्याला केव्हाच बरा झालेला समजतो, आणि त्याच्या फुप्फुसांपुरते पाहिले तर दवाखान्याचेच म्हणणे पुरेसे आहे.