सद्धेतु पुरेसा आहे काय?

एखाद्याचें बरें व्हावें म्हणून केलेल्या कृत्यापासून त्याचें वाईट झालें, तर कर्त्याकडे दोष किती येतो, हा प्रश्न नीतिशास्त्रांत जुना आहे. वर्गांत आम्हीं त्याचें उत्तर वर्षानुवर्षें दिलें आहे. गेल्या पावसाळ्यांत तोच प्रश्न एका लहानशा बॅटरीच्या रूपानें आमच्या दारीं आला, आणि तेव्हांपासून आमचें जुनें उत्तर आम्हांस पुरेसें वाटेनासें झालें आहे.

आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. रात्रीं वीज गेली म्हणजे त्यांची फार पंचाईत होते, म्हणून आम्हीं बारा व्होल्टांची, सात ॲम्पिअर-तासांची, शिशाची बंद बॅटरी आणि तिजवर चालणारा लहानसा दिवा त्यांस आणून दिला. चार्जर मात्र विकत न घेतां स्वतःच तयार केला. तरुणपणीं रेडिओ जुळविण्याचा छंद होता, त्याचा हा उरलेला अंकुर! बारा व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड, झाला चार्जर. बारास बारा हा हिशेब इतका सरळ वाटला कीं, तो पुन्हां तपासून पाहावा असें मनांत आलें नाहीं.

घोटाळा येथेंच होता. घरांतील विजेचा दाब क्षणोक्षणीं चढतो व उतरतो. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला बाराचा आंकडा हा त्या चढउताराचा एक प्रकारचा मध्यम होय, आणि त्याचें शिखर सुमारें १७ व्होल्टांवर असतें. डायोडांत दीडएक व्होल्ट गेला तरी साडेपंधरा उरतात. उलटपक्षीं, सदैव जोडून ठेवलेल्या अशा बॅटरीस १३.५ ते १३.८ व्होल्ट हाच दाब मानवतो. ती भरल्यावरहि वीज आंत लोटीत राहिलें म्हणजे तिच्यांतील पाण्याचें विघटन होऊन वायु सुटूं लागतात. गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं सिद्ध केलेल्या बॅटरीच्या वंशांतील ज्या उघड्या बॅटऱ्या आहेत, त्या अशा वेळीं बुडबुडे काढून तक्रार तरी करतात, आणि शुद्ध पाणी घालून चूक सुधारतां येते. बंद बॅटरी ते वायु कांहीं मर्यादेपर्यंत आंतल्या आंत जिरविते. मर्यादा ओलांडली कीं ते झडपेवाटें निघून जातात आणि गेलेलें पाणी परत घालण्याची सोय नसते. ती मुकाट्यानें वाळत जाते.

असे तीन महिने गेले. एका रात्रीं वीज गेली, दिवा लागला, आणि पांच मिनिटांत मालवला. बाई अंधारांत स्वयंपाकघराकडे निघाल्या, उंबऱ्यास अडखळून पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. सकाळीं पाहतों तों बॅटरीची कूस फुगलेली!

आम्हीं क्षमा मागितली तेव्हां त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्हीं का मुद्दाम केलंत? माझ्या भल्याकरितांच केलंत ना!" हें ऐकून मन हलकें व्हावयास पाहिजे होतें, तें झालें नाहीं.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत सदिच्छेस सर्वश्रेष्ठ स्थान दिलें असून, तिला यश न आलें तरी तिचें मोल उणें होत नाहीं, असें प्रतिपादिलें आहे. हा भाग विद्यार्थ्यांस आवडतो, आणि खरें सांगावयाचें तर प्राध्यापकांसहि आवडतो. परंतु तेथेंच त्यानें एक अट घातली आहे: सदिच्छा म्हणजे नुसती मनीषा नव्हे, हातीं असलेलीं सर्व साधनें कामास लावणें तिच्यांत येतें. आमच्या हातीं काय नव्हतें? व्होल्टमापक मेजाच्या खणांत होता. दाब किती असावा हें तर त्या बॅटरीच्या अंगावरच छापलेलें होतें. जन्मभर पुस्तकें वाचणाऱ्या मनुष्यानें ती एक ओळ वाचली नाहीं! दहा मिनिटांत दूर होण्यासारखें अज्ञान जो बाळगतो, त्याचा हेतु सत् होता असें तरी म्हणतां येईल काय? आमच्यापुरतें बोलावयाचें तर, बाईंच्या सोयीपेक्षां आपल्या कसबाचें कौतुकच आम्हांस अधिक होतें.

फलाकडे पाहूं नये हीच आपली शिकवण, असें कोणी म्हणतील. फलाची आसक्ति सोडावी हें मान्य. पण फलाची चौकशीहि सोडावी, असा तिचा अर्थ आम्हांस लागत नाहीं. त्यांतून घेणारा जर तक्रार न करणारा असेल, मग ती बॅटरी असो कीं शेजारीण असो, तर पुरे केव्हां म्हणावयाचें हें देणाऱ्यासच ठरवावें लागतें.

दुसरा चार्जर थोड्याच खर्चांत झाला. पंधरा व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर, डायोडांपुढें एक कपॅसिटर, आणि एलएम ३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर. तो आपल्या दोन पायांमध्यें सदैव सव्वा व्होल्ट राखतो. त्यास २४० आणि सुमारें २,४०० ओहमांचे दोन रोध जोडले कीं दाब पावणेचौदाच्या आसपास स्थिरावतो. बारीक फरक फिरत्या रोधानें जुळवून तो १३.६ वर आणला, आणि या वेळीं मोजून आणला. रिकाम्या बॅटरीनें एकदम फार प्रवाह ओढूं नये म्हणून वाटेंत तीन ओहमांचा एक जाड रोध घातला. नवी बॅटरी भरावयास सारी रात्र लागते.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही जाऊन दिवा अर्धा तास लावून पाहतों, तोंवर बाई चहा करतात. दिव्याशेजारीं त्यांनीं आतां एक मेणबत्ती व काड्यापेटी ठेविली आहे. आम्हीं ती पाहिली; ती पाहतांना त्यांनीं आम्हांस पाहिलें. त्याविषयीं अद्याप कोणी कांहीं बोललेलें नाहीं.