पंचावन्न आणि नऊ

२७ जानेवारी १९९१, टँपा. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, संपायला आठ सेकंद उरलेले आणि बफेलो बिल्स एका गुणाने मागे. क्वार्टरबॅक जिम केलीने संघाला जवळजवळ स्वतःच्या टोकापासून किकच्या पल्ल्यात आणून सोडलं होतं. आता तो कडेला उभा राहून बघत होता. स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांवरची किक उजव्या खांबाबाहेरून गेली. जायंट्स २०, बिल्स १९. संघाचे जय-पराजय क्वार्टरबॅकच्या नावावर मांडले जातात, म्हणून हा पराभव आजही केलीच्या खात्यावर आहे. किक आत गेली असती, तरी त्याने फेकलेला एकही पास होता त्याहून सरस ठरला नसता.

पेटन मॅनिंगचं उलट झालं. २०१३च्या मोसमात डेन्व्हर ब्रॉन्कोजसाठी त्याने ५५ टचडाउन पास दिले आणि ५,४७७ यार्ड मिळवले. तेव्हा दोन्ही विक्रम होते. सुपर बोलमध्ये मात्र सिअ‍ॅटलने ब्रॉन्कोजना ४३-८ असं लोळवलं. २०१५मध्ये तोच मॅनिंग पार थकलेला: टचडाउन ९, इंटरसेप्शन १७. कॅन्सस सिटीविरुद्ध वीसपैकी पाचच पास पोहोचले, चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले आणि त्याला चालू सामन्यात बाहेर बसवावं लागलं. त्याच मोसमाचं अजिंक्यपद डेन्व्हरने पटकावलं. अंतिम सामन्यात मॅनिंगचे यार्ड १४१, आणि सामनावीर बचावफळीतला व्हॉन मिलर. आता पंचावन्नवाला मॅनिंग हरणारा आणि नऊवाला जिंकणारा, असं म्हणायचं की काय?

आकडेवारीवाले इथे खूश होतील. पण क्वार्टरबॅकने पुढे हातभर चेंडू सरकवावा, रिसीव्हरने चौघांना चकवत साठ यार्ड पळावं, तरी पासिंगचे सगळे यार्ड क्वार्टरबॅकच्या नावावर जमा. उलट अचूक पास रिसीव्हरच्या पंजातून उडून प्रतिस्पर्ध्याच्या कुशीत पडला, तर इंटरसेप्शनही त्याच्याच माथी. एनएफएलचं पासर रेटिंग १९७३पासून चालत आलंय आणि त्याची कमाल मर्यादा आहे १५८.३! दशांशापर्यंत हिशेब करणाऱ्या या मापाला एवढा फरक मात्र कळत नाही.

तरी जय-पराजय आणि आकडे यांतून निवडायचंच झालं तर मी आकड्यांकडे झुकेन. त्यात निदान चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला असतो. १९९९मध्ये हरलेल्या चेन्नई कसोटीतल्या सचिनच्या १३६ धावांवरून आपणही हाच वाद घालत आलो आहोत. पण तो १२ धावांचा पराभव त्याच्या एकट्याच्या नावापुढे टाकायला आपल्या स्कोअरबुकात रकानाच नाही.

पण मॅनिंगचं खरं कसब आकड्यांतही मावत नाही; ते चेंडू हातात येण्याआधीचं. समोरच्या बचावाची मांडणी वाचायची, हातवारे करायचे, ‘ओमाहा!’ म्हणून ओरडायचं, ठरलेली चाल मोडून ऐन वेळी दुसरी लावायची. २०१५मध्ये हातातला जोर गेला, ओरडणं चालूच होतं. कधी चाल बदलून तो चेंडू नुसता धावपटूच्या पोटाशी द्यायचा. चार यार्ड मिळायचे, आणि ते धावपटूच्या नावावर लागायचे.