बर्फातला वाटा

मासा थांबत नाही. सकाळची पेज दुपारी चालते, फणस दोन दिवस कळ काढतो. पण मे महिन्यात सकाळी आठला गरीला लागलेली तांबोशी सावलीत ठेवली तरी दुपारी नरम पडते. त्यामुळे आमच्या खाडीकाठच्या गावात जास्तीचा मासा हा कायम घाईचा विषय होता. घरात चार माणसं आणि परडीत दहा गोबरे, तर सहांचं काय करायचं ते चूल पेटायच्या आत ठरवावं लागे. एक तर मीठ लावून सुकवा, नाहीतर वाटा.

सुकवायला मीठ हवं, ऊन हवं, कावळ्या-मांजरांवर लक्ष ठेवणारं माणूस हवं. वाटणं सोपं. केळीच्या पानात दोन मासे गुंडाळून पोराच्या हातात दिले की काम झालं. आज आपण म्हणतो, जुनी माणसं फार उदार. होतीही. पण त्या उदारपणात थोडा हात माशाच्या कुजण्याचाही होता, हे कबूल करायला हरकत नाही. संध्याकाळी फेकायचा तो मासा सकाळी शेजाऱ्याला दिला, की मासाही सत्कारणी लागतो आणि शेजारीही जोडलेला राहतो. रापण ओढताना दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळायचा, आणि किनाऱ्यावर घुटमळणारी पोरंसुद्धा मूठभर मासळी घेऊन घरी जायची. ढीग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला असे. नाही म्हणायला जागाच नसे.

मग बर्फ आला. आधी जेटीवर, मग थर्माकोलच्या खोक्यात, मग घरोघरच्या फ्रीजमध्ये. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि खोकं रात्रीच्या गाडीने मुंबईला पोचायला लागलं. मासा राखायचं नवं शास्त्र आम्ही शिकलो. आधी कल्ले आणि आतडी काढायची, कारण नासायला सुरुवात तिथून होते. खोक्यात माशाएवढ्याच वजनाचा बर्फ, बारीक फोडून, थरावर थर. आणि वितळलेलं पाणी निघून जायला खाली भोक. फ्रीजरमध्ये ठेवायचा तर एका वेळेपुरत्या लहान पिशव्या करायच्या आणि हवा राहू द्यायची नाही. बांगडा-तारली फ्रीजरमध्येही फार दिवस ठेवू नये. त्यांचं तेल खवट होतं.

हे सगळं माझ्या भाच्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तो मुंबईला नोकरी करतो. एका मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढून फक्त गरवायला आला. पहाटे खडपावर जायचा, दहाला परत. हात चांगला आहे त्याचा. पाचव्या दिवशी आमच्या फ्रीजरचं दार ढकलून लावावं लागत होतं.

त्या सकाळी शेजारची काकी कुडणापाशी आली. एकटीच असते. तिचा नवरा होता तेव्हा त्याने पागलेले शेवटे आमच्या घरात कितीदा शिजले, त्याला मोजदाद नाही. तिने सवयीने विचारलं, "काय गावला काय रे झिला?"

"आज काय नाय गो आजी," भाचा म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी खरंच काही लागलं नव्हतं. पण आत पाच दिवसांचे मासे होते. काकी "बरां" म्हणून गेली, आणि मला ते "बरां" दिवसभर टोचत राहिलं.

रात्री मी विषय काढला. तो चिडला नाही. म्हणाला, "मामा, साठवणं वाईट म्हणता, तर तुमची आगोट काय असते? पावसाळ्यासाठी सुकट, सोडे, खारे बांगडे भरून ठेवताच ना? जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. मग मी बर्फात ठेवले तर काय बिघडलं? आणि आईचं काय?"

आईचं म्हणजे माझ्या बहिणीचं. ती अंथरुणाला खिळली आहे. माहेरच्या खाडीचा मासा तिच्या ताटात पडणार तो बर्फामुळेच. तिचाही वाटा या खाडीत आहे, आणि केळीच्या पानातून तो तिच्यापर्यंत कधीच पोचला नसता. म्हणून बर्फाला सरसकट नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. बर्फाने शेजार लांबवर नेला, हेही खरंच.

सतराव्या शतकात जॉन लॉक नावाच्या इंग्रज विचारवंताने मांडलं होतं, की निसर्गातलं माणसाने नासायच्या आत वापरता येईल तेवढंच घ्यावं, त्यापुढचं दुसऱ्याचं. पैसा नासत नाही, म्हणून पुढे ही मर्यादा सुटली, हेही त्यानेच सांगितलं. आमच्या खाडीवर तेच काम बर्फाने केलं. पूर्वी पुरे कधी म्हणायचं ते मासाच सांगायचा. आता ते आपल्याला सांगावं लागतं, आणि आपल्याला त्याची सवय नाही.

पण भाच्याचा आगोटीचा मुद्दा मला पटला. साठवण्यात पाप नाही. फरक मला दिसतो तो दुसरीकडे. आगोटीचे बोंबील अंगणात वाळत असतात. वास अख्ख्या वाडीला जातो. कुणाकडे किती आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे जुलैत कुणी मूठभर सुकट मागायला आलं तर "नाही" म्हणता येत नाही. फ्रीजरच्या बंद दारामागे वास येत नाही. बर्फ मासा टिकवतो, तसा लपवतोही. त्या आडोशामुळे माणसाला खोटं न बोलताही "आज काय नाय" म्हणता येतं.

एवढं मी त्याला सांगितलं आणि म्हटलं, प्रत्येक पिशवी कुणाची ते ठरव. त्याने ठरवलं. आईच्या सहा, त्याच्या घरच्या चार, एका मित्राच्या दोन. पाच पिशव्या उरल्या, त्या कुणाच्याच नव्हत्या. त्यातल्या दोन घेऊन सकाळी तो काकीकडे गेला.

काकीने पिशवी हातात घेतली, दगडासारखा मासा बोटाने टकटक वाजवून बघितला आणि हसली. "बर्फातलो नको रे झिला. उद्या ताजो गावलो तर घेवन ये."

तो पिशव्या घेऊन परत आला, तो जरा खट्टू होऊनच. मला मात्र वाटलं, तिला माशापेक्षा आधी कळवणं हवं होतं. काही गावलं की आपल्याला सांगतात, एवढं. उशिरा दिलेल्या वाट्यात मासा असतो, ते कळवणं नसतं.

जायच्या आदल्या दिवशी त्याला एकच तांबोशी लागली, हातभर. खडपावरून येताना तो आमच्या घरी न येता आधी कुडणावरून पलीकडे गेला.