घंटा आणि लिलाव

डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले. एका दैनिकातल्या नव्या उपसंपादकाने त्यावर लेख लिहिला. त्यात एक ऐटदार वाक्य होतं: ‘निर्यातबंदी आली की रास्ता रोको, ही शेतकऱ्यांची पाव्हलोव्हियन प्रतिक्रियाच आहे.’ अशी वाक्यं हल्ली सर्रास छापली जातात, आणि ज्यांच्याबद्दल ती असतात त्यांच्यावर अन्याय करतात.

मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंनी त्या वाक्याखाली रेघ मारली.

“पाव्हलोव्हनं काय दाखवलं, सांग बरं.”

“घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते.”

“आणि त्याआधी?”

तो गप्प झाला. काकूंनी समजावलं. पाव्हलोव्ह मुळात पचनाचे अभ्यासक. 1904 चं नोबेलही त्याच कामाचं. सेंट पीटर्सबर्गच्या त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याची लाळ गालातल्या छिद्रातून नळीत घेत आणि थेंब मोजत. तोंडात अन्न पडल्यावर सुटणारी लाळ उपजत असते. मग अन्न देण्याआधी दर वेळी मेट्रोनोमची टकटक ऐकवली. पुढे नुसत्या टकटकीवरही थेंब पडू लागले. टकटक चालू ठेवून अन्न देणं थांबवलं, की थेंब कमी होत जात. म्हणजे प्रतिक्रिया शिकलेली, पण कुत्र्याच्या मर्जीतली नव्हे.

“माझी केमो चालू होती ना, तेव्हा रुग्णालयाचं फाटक दिसलं की पोटात ढवळायचं. सुई अजून टोचलेलीही नसायची. मी काही ठरवून मळमळत नव्हते. त्याला खुशाल पाव्हलोव्हियन म्हण. पण रास्ता रोकोसाठी बैठक घ्यावी लागते, गावोगाव निरोप धाडावे लागतात, खर्च किती आणि हातात काय पडणार याचा हिशेब मांडावा लागतो.”

“पण काकू, वाचकाला अर्थ कळतोच ना?”

“कळतो तर! शेतकरी विचार न करता रस्त्यावर येतो, असाच कळतो. तुला तेच म्हणायचंय का?”

त्याला ते मुळीच म्हणायचं नव्हतं. त्याने वाक्य खोडलं, चांदवडच्या दोन शेतकऱ्यांना फोन लावला आणि वहीत त्यांचा हिशेब उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी लेख छापून आला तेव्हा त्यात पाव्हलोव्हचं नाव नव्हतं. त्या जागी कांद्याचा क्विंटलमागचा खर्च होता, आणि शेजारी बंदीनंतर मिळालेला भाव.