नवा व्हॉल्व्ह, जुनी बुलेट

वडिलांची बुलेट इंजिनकामाला आणणारं गिऱ्हाईक हटकून विचारतं, ‘‘मिस्त्री, एवढं बदलल्यावर गाडी तीच राहणार ना?’’ आरटीओचं उत्तर सोपं: चासी नंबर तोच, तर गाडी तीच. पण प्रश्न जुना आहे. मिलिंद राजा रथातून आला तेव्हा बौद्ध भिक्खू नागसेनानं त्याला विचारलं, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही म्हणत गेला. ‘रथ’ हे जुळणीला दिलेलं नुसतं नाव ठरलं. वैशेषिक दर्शनाचे पंडित दुसऱ्या टोकाचे. त्यांना अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, मान्य, पण एक अवयव गेला की जुना अवयवी संपतो, नवा उपजतो. म्हणजे बोल्ट बदलला की आरसी बुकही नवं काढा!

मला दोन्ही पटत नाहीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खड्डे पडलेत, दांडा झिजून गाईडमध्ये हलतोय, म्हणून नवा आणला. तो लगेच बसत नाही. पेस्ट लावून हेडमधल्या त्याच्या सीटवर उलटसुलट घासायचा, दोघांवर सलग करडा पट्टा उमटेपर्यंत. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून थेंब पाझरतो का बघायचं. असा जुळवलेला व्हॉल्व्ह दुसऱ्या हेडात जसाच्या तसा चालत नाही. दुकानात तो कुणाचाही होता. आता याच सीटचा झाला, आणि त्यापायी सीटही थोडी झिजली.

नागसेनाच्या यादीत सुटे भाग आहेत, ही घासाघीस नाही. अर्थात हेडच नवं टाकलं तर माझा मुद्दा लंगडा पडतो.